कांदेनवमी ते चंपाषष्ठी : इंदुरातल्या मराठी घरांचा खंडोबा

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या घरात कांद्याचं राज्य असतं. कांदाभजी, थालीपीठ, भरले कांदे, पीठ पेरलेली कांद्याची भाजी. सकाळपासून फोडणीचा वास जिन्यापर्यंत पोचलेला असतो. दोन दिवसांवर एकादशी आली की कांदा, लसूण आणि वांगं तिघांचंही घरातून जाणं-येणं बंद. बऱ्याच घरांत हा नेम कार्तिकी एकादशीला सुटतो. आमच्याकडे तो मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, म्हणजे चंपाषष्ठीपर्यंत, जवळजवळ पाच महिने चालतो. आधी खंडोबाला वांग्याचं भरीत, मग आपल्याला. इंदुरात राहून हे पाळायचं म्हणजे रोजची कसोटी आहे, कारण इथली सकाळ पोह्यांनी उजाडते आणि पोह्यांवर शेव, जीरावन आणि कच्चा कांदा ठरलेला. ‘भैया, प्याज मत डालना’ असं म्हटलं की आमचा ठेलेवाला हात आवरतो आणि विचारतो, ‘चौमासा लग गया?’

जेजुरी इथून शेकडो कोसांवर आहे. तिथल्या डोंगरावरच्या देवासाठी माळव्यातली माणसं पिढ्यानुपिढ्या जिभेला लगाम घालतात, ते कसं घडलं, हे सांगायचं तर सुरुवात नीरेकाठच्या होळ गावापासून करावी लागते.

माळव्यात होळकरांचं राज्य उभं करणाऱ्या मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३चा. घर धनगराचं, होळ गावावरून होळकर आडनाव. वडील लवकर गेले आणि आई मुलाला घेऊन भावाकडे, खानदेशात तळोद्याला आली. मामा भोजराज बारगळ यांच्याकडे मेंढरं राखणारा हा मुलगा पुढे सरदार कदम बांड्यांच्या पथकात घोड्यावर बसला आणि तिथून बाजीराव पेशव्यांच्या नजरेत भरला. मल्हार हे नावच खंडोबाचं. मल्ल दैत्याचा अरी तो मल्हारी. मणी आणि मल्ल या दोन दैत्यांशी देवाचं सहा दिवस युद्ध झालं आणि सहाव्या दिवशी, षष्ठीला, जय मिळाला, अशी कथा आहे. म्हणून मार्गशीर्ष प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवसांचं हे नवरात्र.

खंडोबा हा फार माणसांचा देव आहे. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. हातात खंडा, बसायला घोडा, बरोबर कुत्रा. कर्नाटकात तो मैलार होतो, तेलंगणात मल्लण्णा. आपण ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणतो त्यातला येळकोट हाही मूळ कानडी ‘एळु कोटी’, म्हणजे सात कोटी. इंदुरातली मुलं आपसांत हिंदी बोलतात, घरात आमची ती ‘काल बाजारात मावशी मिळाली होती’ छापाची मराठी बोलतात, आणि देवासमोर उभी राहून खणखणीत आवाजात कानडी शब्द म्हणतात. मला याचं फार कौतुक वाटतं.

आपल्या देवाशी होळकरांचं नातं किती सख्ख्या माणसासारखं होतं, हे त्यांच्या नावांवरून कळतं. मल्हाररावांच्या मुलाचं नाव खंडेराव. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने ते गेले. अहिल्याबाई त्यांच्याच पत्नी. पुढे १८११ ते १८४४ या काळात गादीवर चौघे बसले : दुसरे मल्हारराव, चिमुकले मार्तंडराव, हरिराव आणि दुसरे खंडेराव. चौघांत तिघांची नावं एकाच देवाची. मार्तंड म्हणजे सूर्य, आणि होळकरांच्या नंतरच्या नाण्यांवर सूर्याचा चेहरा आहेच.

१७३०च्या सुमारास माळव्याचा कारभार मल्हाररावांकडे येऊ लागला. थोड्याच काळात शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात माळवा वाटला गेला आणि दख्खनेतून माणसांचा ओघ सुरू झाला. नुसते शिलेदार आले नाहीत. कारकून आले, भटजी आले, सोनार, शिंपी, कीर्तनकार आले. घोड्याच्या खोगिरात काय मावतं? जमीन मावत नाही, घर मावत नाही, गावचं देऊळ तर नाहीच. मावतात ते टाक. बोटभर उंचीचे, चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले देव : घोड्यावरचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, कुणाचा जोतिबा. आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक हळदीने आणि हातांनी इतका झिजलाय की घोड्याचे पाय बोटांनाच कळतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तो कोणत्या पिढीने आणला, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. नव्या सुनेला मात्र पहिल्याच वर्षी हातात देऊन सांगतात, हा चिंचेने घासायचा नाही, नुसत्या रांगोळीने.

माळव्यात सत्ता मिळाली म्हणून होळकर जेजुरीला विसरले नाहीत. गडावरची तटबंदी, ओवऱ्या, खालचा मोठा होळकर तलाव या सगळ्यांवर त्यांचा हात आहे. तलावाजवळचं मल्हार गौतमेश्वराचं देऊळ मल्हारराव आणि त्यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या स्मरणार्थ उभं आहे. आमच्याकडचं कुणी पहिल्यांदा जेजुरीला गेलं की गड चढायच्या आधी तिथे डोकं टेकतं. आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखं वाटतं तिथे.

या देवधर्माचा खर्च कुठून होई, हेही महत्त्वाचं आहे. १७३४ साली गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर मिळाली, ती खासगी. राज्याचा पैसा तो दौलतीचा, बाईंच्या हातातला तो खासगीचा, असे दोन वेगळे हिशेब. पुढे ही खासगी अहिल्याबाईंकडे आली आणि काशीपासून सोमनाथापर्यंत त्यांनी जी देवळं, घाट, धर्मशाळा उभ्या केल्या, त्यामागे हाच पैसा होता. श्रद्धेला हिशेबाची शिस्त लावणारी ही सासू-सुनांची जोडी मला होळकरशाहीतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. रणांगणावरच्या विजयांहूनही मोठी.

अहिल्याबाईंची स्वतःची भक्ती शंकराची. १७६७ ते १७९५ त्यांनी कारभार पाहिला, तो महेश्वराहून, आणि हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’ लिहून. त्यांच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान आहे. महेश्वरच्या वाड्यात मातीची हजारो छोटी शिवलिंगं रोज करून, पुजून नर्मदेत सोडण्याचा परिपाठ आजही चालू आहे. माहेर चौंडीचं, सासर खंडोबाचं, आराध्य शंकर. यात त्यांना कधी अडचण आली नाही, कारण खंडोबा हा शंकराचाच अवतार. मराठी घरात सून येते तेव्हा तिचे देव आणि सासरचे देव असेच एका देव्हाऱ्यात दाटीवाटीने बसतात.

इंदूर राजधानी झालं ते मात्र पराभवानंतर. डिसेंबर १८१७मध्ये होळकर इंग्रजांशी महिदपूरची लढाई हरले, ६ जानेवारी १८१८ला मंदसोरचा तह झाला आणि दरबार इंदुरात आला. त्याबरोबर मराठी वस्ती राजवाड्याभोवती दाट झाली. मल्हारगंज, पंढरीनाथ ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो बरोबर नेतो. राजवाड्यातच मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. माझा अंदाज असा की इथे खंडोबाचा कुलाचार मुळात ज्यांचा नव्हता, त्यांच्याही घरी तो हळूहळू शिरला, कारण गादीचा देव तोच होता. कोकणस्थांची कुलदैवतं वेगळी. तरी इंदुरात चंपाषष्ठीला भरीत-रोडगा करणारी कोकणस्थ घरं मी पाहिली आहेत.

रेल्वेने आणखी एक सोय केली. १८७० साली दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचं कर्ज दिलं आणि काही वर्षांत गाडी नर्मदा ओलांडून इंदुरात आली. त्याआधी लग्नानंतरची जेजुरी म्हणजे महिन्याभराचा प्रवास, बैलगाडी, सोबत. ती ज्यांना झेपे त्यांनीच करावी. गाडी आल्यावर नव्या जोडप्याने जेजुरीला जाणं, नवऱ्याने बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढणं, हे साध्या कारकुनाच्याही आवाक्यात आलं. आता इंदूर-पुणे गाडीने रात्रीत पुणं आणि तिथून पुढे जेमतेम पन्नास किलोमीटर.

या भक्तीतली एक गोष्ट मी गाळणार नाही. नवसापोटी मुलगी देवाला मुरळी म्हणून सोडण्याची चाल याच देवाच्या नावाने चालली आणि तिने कितीतरी मुलींची आयुष्यं मोडली. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला, आणि १९३४मध्ये मुंबई इलाख्यात देवाला मुली वाहणं कायद्याने बंद झालं. श्रद्धा तीच राहिली आणि ही चाल गेली, याचं मला समाधान आहे. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे माणसांनी ठरवलं. देवाने त्याला कधी हरकत घेतली नाही.

२८ मे १९४८ला होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झालं. दरबारी मान, दरबारी खर्च संपले. १९८४च्या दंगलीत राजवाड्याला आग लागली आणि मागची बाजू जळाली. पुढची सात मजली देवडी उभी राहिली. एवढं होऊनही चंपाषष्ठी टिकली, आणि ती का टिकली याचं माझं उत्तर स्वयंपाकघरात आहे. देऊळ जळतं, गादी जाते. पण ‘षष्ठीपर्यंत वांगं नाही’ हा नेम भाजीवाल्यासमोर पिशवी धरून उभ्या असलेल्या बाईच्या मनात असतो. तो जाळता येत नाही. माझ्या आजीने हा नेम कुणाला समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. ती फक्त श्रावणात वांगी आणायची नाही.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मारोठिया बाजारातून खोबऱ्याच्या वाट्या, सुपाऱ्या आणि हळद येते. बाजरीचं पीठ मुद्दाम आणावं लागतं, कारण माळवा गव्हाचा. सकाळी भरताचं वांगं गॅसवर ठेवतात, साल तडकून रस ज्योतीवर पडला की चर्रर्र आवाज होतो आणि पाच महिन्यांनी घरात तो वास दरवळतो. त्यात पातीचा कांदा, लसूण, तिखट. बाजरीचे रोडगे. पुरण असतंच. पहिला रोडगा खाली रस्त्यावरच्या कुत्र्याला, कारण ते देवाचं जनावर. बाकीचे त्यानंतर.

मग तळी भरायची. ताम्हणात नारळ, विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याचे तुकडे आणि वर मूठभर भंडारा. विषम संख्येने पुरुष गोल बसतात, पाच किंवा सात. ताम्हणाला सगळ्यांचा हात लागतो. ‘आनंदीचा उदे उदे, भैरोबाचा चांगभलं, सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचलायचं, खाली ठेवायचं, कपाळी भंडारा. माझ्या लहानपणी वाड्यात अकरा माणसं सहज जमत. ताम्हण कुणाच्या हाताखाली आहे, हे दिसत नसे.

गेल्या काही वर्षांत पाचही जमेनात. भाऊ पुण्याला, एक चुलतभाऊ बंगळुरूला, काका थकलेले. एका वर्षी तिघांवरच भागवलं आणि आई दिवसभर गप्प होती. पुढच्या वर्षी माझ्या मुलीने विचारलं, ‘मी का नाही उचलायची?’ आईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘बस. पण आधी पदर नाहीतर ओढणी डोक्यावर घे.’ पाचवा आला शेजारचा मुलगा, मालवी घरातला, कॉलेजात जाणारा. त्याला ‘येळकोट’ म्हणता येईना. ‘एलकोट’ म्हणाला, पण सगळ्यात मोठ्याने म्हणाला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर भंडाऱ्याचा पिवळा डाग पडला, तो निघाला नाही.

तेव्हापासून तो दरवर्षी येतो. चंपाषष्ठी त्याच्या घरच्या सणांत नाही, म्हणून दिवाळी संपली की त्याची आई आमच्या दारात येते आणि विचारते, ‘दीदी, आपकी छठ कब की है? उस दिन इसको कहीं जाने नहीं दूँगी.’ मी कालनिर्णय काढते, मार्गशीर्षाचं पान उलटते, आणि ती तारीख तिच्या मोबाइलमध्ये लिहून घेते.