दुसरा ठोसा कुठून येतो?

३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासामध्ये बॉक्सर जॉर्ज फोरमन मुहम्मद अलीसमोर उभा राहिला, तेव्हा जागतिक विजेतेपदाच्या त्याच्या आधीच्या तीन लढतींपैकी एकही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेली नव्हती. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन दुसऱ्या फेरीत संपले होते, होजे रोमन तर पहिल्याच. अलीने दोरांवर रेलून, हातांची ढाल करून त्याला मारू दिलं. फोरमनचं बळ अफाट होतं, पण फेरीमागून फेरी गेली तसे त्याचे ठोसे मंद होत गेले आणि आठव्या फेरीत तो आडवा झाला. अलीचं कौशल्य आणि मार सोसण्याची ताकद मोठीच. तरीही त्या रात्री निर्णायक ठरला तो दम.

मार्शल आर्ट्स शिकणारे अनेक जण दमाच्या व्यायामाचा कंटाळा करतात. ठोसा, लाथ, फेक हे क्षणार्धाचं काम, मग अर्धा तास पळून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर स्नायूच्या आत सापडतं.

स्नायू आकुंचन पावतो तो एटीपी नावाच्या रेणूच्या जोरावर. त्याचा साठा पूर्ण जोर लावला तर दोन-तीन सेकंदांत संपण्याइतकाच असतो. मग फॉस्फोक्रिएटिन हा स्नायूतलाच राखीव ऊर्जासाठा पुढे येतो आणि एटीपी झटपट पुन्हा तयार करून देतो, पण तोही साधारण दहा सेकंदांत ओसरतो. त्यानंतर ग्लुकोज ऑक्सिजनशिवाय फोडलं जातं. त्यावर आणखी मिनिटभर रेटता येतं, पण स्नायूतली आम्लता वाढत जाते, हात जड होतात, धाप लागते. चौथा मार्ग ऑक्सिजनचा. तो हळू चालतो, पण तासन्‌तास चालू शकतो.

इथवरची माहिती बऱ्याच जणांना असते. खरी मेख पुढे आहे. संपलेलं फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरून काढायचं काम ऑक्सिजनच करतो. प्रयोगात पट्टा आवळून स्नायूचा रक्तपुरवठा थांबवला, तर ते भरून येतच नाही. रक्त नीट वाहत असेल तर निम्मं भरायला सुमारे अर्धं मिनिट लागतं, जवळजवळ पूर्ण भरायला काही मिनिटं. म्हणजे पहिला ठोसा साठ्यातून येतो आणि विसावा ठोसा हृदय, फुप्फुसं, केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणारे सूक्ष्म भाग) यांच्या कामातून येतो. सातत्याने धावणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, त्याच्या स्नायूंत केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणून दोन चढायांमधल्या उसंतीत त्याचा साठा लवकर भरतो. ज्यूदोची लढत चार मिनिटांची असते आणि बरोबरी झाली तर पुढे वेळेची मर्यादाच नसते. तिथे हा फरक उघडा पडतो.

पकडीच्या खेळांत आणखी एक अडचण असते. मूठ जोरात आवळली की आकुंचन पावलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो, म्हणजे वरचा पट्ट्याचा प्रयोग आपणच आपल्या हातावर करत असतो. नवखे गडी श्वास रोखून सतत पकड घट्ट ठेवतात आणि दोन मिनिटांत त्यांची बोटं उघडायला लागतात. गरजेपुरतं आवळायचं, संधी मिळताच सैल सोडायचं आणि श्वास चालू ठेवायचा, हे कौशल्यही दमसासाचाच भाग आहे.

थकव्याचा फटका फक्त स्नायूंना बसत नाही. हनुवटीजवळचे हात नकळत खाली येतात, पाय जमिनीला खिळतात, समोरच्याची हालचाल उशिरा कळते. दमलेला माणूस त्याला उत्तम येणारा डावसुद्धा ढिसाळ करतो. म्हणून मला वाटतं, दम हा तंत्राच्या तालमीचाच भाग मानला पाहिजे.

स्वसंरक्षणात तर त्याचं मोल आणखी वाढतं. धोका दिसताच ॲड्रेनलिन उसळतं, हालचाल होण्याआधीच छाती धडधडू लागते, हात थरथरतात, नजर आक्रसते. झटापट काही सेकंदांची असली तरी ती संपल्यावर काय? उद्देश निसटून सुरक्षित जागी पोहोचण्याचा असतो, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन संपलेल्या पायांनी पळायचं असतं. मारता येतं पण दोनशे मीटर पळता येत नाही, अशा माणसाची तयारी अर्धीच झालेली आहे.

मग सराव कसा करावा? पाया घालायला सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाचं धावणं किंवा दोरीउड्या, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यावर तीव्र झटक्यांचा सराव. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० सेकंद जीव तोडून सायकल आणि १० सेकंद विश्रांती असे सात-आठ फेरे करून घेतले होते. सहा आठवड्यांत ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढलीच, शिवाय ऑक्सिजनशिवाय काम करण्याची क्षमताही सुमारे २८ टक्क्यांनी वाढली. मध्यम वेगाने तासभर सायकल चालवणाऱ्या गटात ही दुसरी वाढ दिसली नाही. मात्र ‘जीव तोडून’ हे शब्दशः घ्यायला हवं. रमतगमत केलेल्या चार मिनिटांतून तो परिणाम मिळत नाही. आणि हृदयाची तक्रार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव करू नये.

अतिरेकही नको. रोज लांब पल्ल्याचं धावणं आणि जड वजनं एकत्र रेटली तर ताकदीची वाढ मंदावते, हे रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं. लढणाऱ्याला मॅरेथॉन धावपटू व्हायचं नाही. त्याला पाहायचं आहे ते एवढंच की, जोरदार फेरी संपताच मोजलेली नाडी आणि मिनिटभराने मोजलेली नाडी यांत किती फरक पडतो. हा फरक आठवड्यागणिक वाढत असेल, तर सराव योग्य दिशेने चालला आहे.