पडद्यावरचा काळा येतो कुठून?

प्रोजेक्टर फक्त उजेड टाकू शकतो, काळोख टाकणारा प्रोजेक्टर अजून कोणी बनवलेला नाही. आणि पडदा असतो पांढरा. मग पिक्चरमधल्या हिरोचा काळा कोट एवढा काळाकुट्ट दिसतो तो काळा येतो कुठून? कोटाच्या जागी प्रोजेक्टर जवळजवळ काहीच टाकत नाही, म्हणजे तिथे आपण बघतो तो नुसता रिकामा पडदा, तोच जो पिक्चर सुरू व्हायच्या आधी पांढरा दिसत होता. पडदा तोच, फक्त हॉलमधले दिवे गेले, आजूबाजूला भरपूर उजेड पडला आणि आपल्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं की त्या मानाने हा भाग काळा. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अर्धा पिक्चर मी कोटाकडेच बघत बसलो होतो.

शाळेत आपल्याला शिकवतात की काळा म्हणजे रंगच नाही, उजेड नसणं म्हणजे काळा. अर्धं खरं आहे ते. उजेड नसणं ही बाहेरची गोष्ट, काळा दिसणं ही आतली, आणि या दोन्हीत बरंच अंतर आहे.

आधी रंगाचं बघू. न्यूटनने लोलकातून सूर्यप्रकाशाचे पट्टे पाडले हे सगळ्यांना माहीत असतं, पण 1704 च्या ऑप्टिक्स या पुस्तकात त्याने हेही स्पष्ट लिहिलंय की किरण स्वतः रंगीत नसतात, त्यांच्यात फक्त रंगाची जाणीव करून द्यायची ताकद असते. म्हणजे बाहेर आहेत फक्त लहानमोठ्या तरंगलांबीच्या लहरी, साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, आणि त्यांचं लाल-हिरवं करणं हे आपलं काम. खात्री करायची असेल तर फोनवर पिवळ्या रंगाचा फोटो उघडा आणि स्क्रीनवर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा, अगदी टाचणीच्या डोक्याएवढा. थेंब भिंगासारखा काम करतो आणि आत बघितलं की पिवळं काहीच नसतं, लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या, त्यातल्या दोन प्रकारांना ठराविक प्रमाणात धक्का बसला की मेंदू म्हणतो पिवळा, मग तो धक्का खऱ्या पिवळ्या प्रकाशाने दिला की लाल-हिरव्याने मिळून दिला याची चौकशी तो करत नाही. राणी कलर तर त्याहून पुढचा, त्याची स्वतःची तरंगलांबीच नाही. तानापिहिनिपाजा कितीही वेळा म्हणा, राणी त्यात सापडणार नाही, कारण लाल आणि निळा एकदम आले आणि मधला हिरवा गैरहजर असला की डोकं तो रंग स्वतःच तयार करतं.

आता परत काळ्याकडे. आपल्याला वाटतं डोळ्यातल्या पेशी उजेडात चालू आणि अंधारात बंद. प्रत्यक्षात उलटं आहे. अंधारात या पेशी पुढच्या पेशींकडे सतत रसायन सोडत बसलेल्या असतात आणि उजेड पडला की ते सोडणं कमी होतं. पुढच्या काही पेशी तर उजेड घटला की जोरात संदेश पाठवतात, म्हणजे अंधाराची बातमी द्यायला डोळ्यात वेगळा स्टाफच आहे. म्हणून काळा दिसतो, तो दाखवावा लागतो. आणि गंमत म्हणजे पूर्ण अंधाऱ्या खोलीत बराच वेळ बसलं तर कोटासारखा काळा दिसतच नाही, दिसतो एक धुरकट, हलल्यासारखा करडा. जर्मन लोकांनी त्याला आयगेनग्राउ असं नाव दिलंय, म्हणजे स्वतःचा करडा. काळ्या काळ्यासाठी शेजारी उजेड लागतो.

मग आकाशातला काळा? मध्यरात्री वर बघताना आपल्याला वाटतं तिथे अंधार आहे. खरं तर पृथ्वीची सावली सोडली तर वरची सगळी जागा सूर्यप्रकाशाने भरलेली असते, म्हणून तर चंद्र मध्यरात्रीही चमकतो. पण तो प्रकाश आपल्याला आडवा जात असतो, आणि डोळ्यात न शिरणारा प्रकाश दिसत नाही, तो कशावर तरी आपटून आपल्याकडे वळला तरच दिसतो. चंद्रावर हवा नाही म्हणून तिथे भर दिवसाही आकाश काळं. म्हणजे प्रकाशाला स्वतःला बाजूने बघता येत नाही, हे मला अजूनही थोडं विचित्रच वाटतं.

1823 मध्ये ओल्बर्स नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने याहून अवघड प्रश्न विचारला. विश्व अनंत असेल, कायमचं असेल आणि सगळीकडे तारे असतील, तर कुठेही बघितलं तरी नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावर जाऊन आदळायला हवी आणि रात्र झगझगीत हवी. ती तशी नाही याचं मुख्य कारण विश्वाला वय आहे, साधारण 13.8 अब्ज वर्षं, आणि फार लांबचा प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. पण सगळ्या ताऱ्यांच्या मागे काहीतरी आहे बरं का. विश्व जेमतेम 3,80,000 वर्षांचं असताना सगळीकडे 3000 अंशांच्या आसपास तापलेला वायू चकाकत होता, तो प्रकाश अजून येतोय, फक्त विश्व पसरल्यामुळे त्याच्या लहरी जवळपास 1100 पट ताणल्या गेल्या आणि मायक्रोवेव्ह झाल्या. 1964 मध्ये पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना रेडिओ अँटेनात ही खरखर सापडली, आधी त्यांनी कबुतरांच्या विष्ठेवर संशय घेतला, साफसफाई केली, तरी खरखर तशीच. अवकाशाच्या दर घनसेंटिमीटरमध्ये असे 400 च्या आसपास फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आत्ताही आहेत. आपल्याला काळी दिसणारी पोकळी प्रकाशाने भरलेली आहे, आपले डोळे त्या तरंगलांबीचे नाहीत एवढंच.

हे फोटॉनही काढून टाकले तर? तरी पूर्ण शून्य मिळत नाही. 1948 मध्ये हेन्ड्रिक कॅसिमिर या डच भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडलं की निर्वात पोकळीत विद्युतभार नसलेल्या दोन धातूच्या पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातील, आणि पुढे ते प्रयोगात मोजलंही गेलं. म्हणजे रिकाम्या पोकळीतही काहीतरी शिल्लक असतंच.

मग खरं काहीच नाही कधी बघायला मिळतं का? मिळतं, आत्ता बसल्या बसल्या. डावा डोळा मिटा, दोन्ही हात समोर ताठ करून दोन्ही अंगठे शेजारी वर धरा, नजर डाव्या अंगठ्यावर खिळवा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे सरकवा. वीतभर जायच्या थोडं आधी त्याचं टोक गायब होईल. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश ओळखणारी एकही पेशी नाही, आणि ही जागा छोटी नाही, आकाशात दहा पौर्णिमेचे चंद्र रांगेत मावतील एवढी रुंद आहे. आता नीट बघा तिथे काय दिसतंय. काळा ठिपका नाही, भोक नाही, मागची भिंत आहे तशी सलग.