सीटन-वॉटसन: वडील कोणते, मुलगा कोणता?

नुसते ‘सीटन-वॉटसन यांच्या मते’ असे लिहून पुढे जाणाऱ्या लेखांचा मला मनापासून उबग आला आहे. राष्ट्रवादावर लिहिणारे या आडनावाचे दोन ब्रिटिश इतिहासकार होते, वडील आणि मुलगा; दोघेही लंडनच्या स्लाव्हिक व पूर्व युरोपीय अभ्याससंस्थेशी जोडलेले होते आणि दोघांनीही राष्ट्रांच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहिले. तरीही एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी घातले की अर्थाचा अनर्थ होतो.

वडील रॉबर्ट विल्यम (१८७९–१९५१) पहिल्या महायुद्धाच्या अभ्यासकांना चांगलेच माहीत आहेत. ‘स्कोटस व्हियाटर’ या टोपणनावाने हंगेरीतील स्लोवाकांची कैफियत मांडणारे, चेकोस्लोवाकियाचे संस्थापक मासारिक यांचे खंदे पाठीराखे आणि १९१६ मध्ये ‘द न्यू युरोप’ हे साप्ताहिक काढणारे ते हेच. मुलगा ह्यू (१९१६–१९८४) त्याच वर्षी जन्मला. दोघांची शाळा एक आणि ऑक्सफर्डमधील महाविद्यालयही एकच, पण त्याला फारसे महत्त्व नाही.

खरा घोटाळा ‘राष्ट्रवादाचे अभ्यासक’ या बिरुदापाशी होतो. वडिलांसाठी राष्ट्र ही न्याय मागणारी बाजू होती आणि ते तिचे वकील होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हंगेरीत गेले तेव्हा त्यांना तिथल्या उदारमतवादाबद्दल आदर होता. शाळा आणि कचेऱ्यांमधून मग्यार, म्हणजे हंगेरियन, भाषा लादली जाते हे पाहिल्यावर तो ओसरला, आणि पुढे हॅब्सबर्ग, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या, साम्राज्याच्या जागी राष्ट्रांची राज्ये यावीत यासाठी त्यांनी लेखणी झिजवली. ह्यू यांनी याच मग्यारीकरणाकडे पाहिले, पण असे लादणे कसे घडते हे उलगडण्यासाठी. झारच्या रशियातील रशियनीकरणाशेजारी त्यांनी ते ठेवले आणि या प्रकाराला ‘अधिकृत राष्ट्रवाद’ म्हटले: लोकांमधून उगवलेला नव्हे, तर बहुभाषिक प्रजेवर राज्य करणाऱ्या सत्तेने स्वतःच्या टिकावासाठी वरून लादलेला. राष्ट्रवादाचे नामवंत अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी ही संज्ञा त्यांच्याकडूनच घेतली. १९७७ च्या ‘नेशन्स अँड स्टेट्स’मध्ये तर ह्यू यांनी राष्ट्र आणि राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच सूत्र धरले, पूर्वापार चालत आलेली राष्ट्रे आणि नव्याने घडवलेली राष्ट्रे यांच्यात फरक केला, आणि राष्ट्राची शास्त्रीय व्याख्या करता येत नाही, पण राष्ट्रे असतात हे नाकारताही येत नाही, असा प्रामाणिक निष्कर्ष काढला. हे वाक्य वडिलांच्या नावावर खपवले, तर ज्या माणसाने राष्ट्रांच्या हक्कांसाठी रान उठवले त्यालाच आपण साशंक ठरवतो. उलट, वडिलांचा कैवार मुलाच्या माथी मारला, तर त्यांचे तौलनिक लेखन प्रचार वाटू लागते. माझ्या मते अभ्यासक म्हणून मुलगा मोठा, आणि हे मी वडिलांविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो.

साम्यवादाबाबत मात्र गल्लत व्हायलाच नको, कारण तो मुलाचा विषय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या गुप्त मोहिमांच्या यंत्रणेत बाल्कन प्रदेशाचे काम केलेल्या ह्यू यांनी १९५० मध्ये पूर्व युरोपातील सत्तांतराचे तीन टप्पे दाखवले: आधी खरीखुरी आघाडी, मग नावापुरती आघाडी, शेवटी एकसंध पक्षसत्ता. मागास समाजातील असंतुष्ट सुशिक्षित वर्ग क्रांतीचे नेतृत्व करतो, हा त्यांचा दुसरा आग्रह. इथेच त्यांचे दोन्ही विषय एकमेकांना भिडतात, कारण हाच सुशिक्षित वर्ग राष्ट्रवादी चळवळींच्याही अग्रभागी असतो. १९६४ साली आलेल्या त्यांच्या निबंधसंग्रहाचे नावच ‘नॅशनॅलिझम अँड कम्युनिझम’ आहे. राष्ट्रवाद आणि साम्यवाद हे सरळसरळ शत्रू आहेत असे मानणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

संदर्भात पहिले नाव नसेल तर प्रकाशनवर्ष पाहावे. चेक आणि स्लोवाकांच्या इतिहासावरचे १९४३ चे पुस्तक वडिलांचे, तर दोन महायुद्धांमधील पूर्व युरोपावरचे १९४५ चे पुस्तक मुलाचे. तिसरे सीटन-वॉटसन, म्हणजे ह्यू यांचे धाकटे बंधू क्रिस्टोफर, इटलीचे इतिहासकार होते. १९८१ मध्ये या दोघा भावांनी मिळून वडिलांवर पुस्तक लिहिले, आणि त्या एका पुस्तकाच्या संदर्भात मात्र आडनाव एकटे आले की लेखक कोण आणि विषय कोण हेही कळेनासे होते.