डोळा कुठे थांबायचं हे कसं ठरवतो?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. बदाम, बडीशेप आणि खडीसाखर यांची पूड दुधातून घ्या, रोज सकाळी अर्धा तास अनवाणी गवतावर चाला, ४० दिवसांत चष्मा उतरेल. खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या चौथीतल्या मुलीला चष्मा लागला होता, उणे दीडचा. आजी म्हणाल्या, मोबाइलमुळे. आई म्हणाली, गाजर खात नाही म्हणून. आणि मग सगळ्यांनी मिळून बडीशेप आणली.

गाजराचं आधी उरकून टाकू. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, फारच कमी पडलं तर दृष्टीही जाते, हे खरं. पण पोटभर जेवणाऱ्या मुलीला किलोभर गाजरं चारली तरी नंबर हलणार नाही. कारण उणे नंबर हा डोळ्याचा अशक्तपणा नाहीच. तो लांबीचा प्रश्न आहे.

डोळ्याची लांबी म्हणजे समोरच्या पारदर्शक काचेपासून मागच्या पडद्यापर्यंतचं अंतर. जन्मतः ते सुमारे १७ मिलिमीटर असतं, मोठेपणी सुमारे २४. पडदा बरोब्बर तिथेच यायला हवा जिथे लांबच्या वस्तूची प्रतिमा स्पष्ट पडते. डोळा १ मिलिमीटर जास्त वाढला की नंबर साधारण अडीच ते तीनने उण्यात जातो. म्हणजे दीड नंबर हा अर्ध्या मिलिमीटरचा घोटाळा, शिवणाच्या बारीक सुईच्या जाडीइतका. वाढलेला डोळा पुन्हा आखडत नाही. पूड कितीही बारीक दळली तरी.

मला यात खरं आश्चर्य वाटतं ते नंबर लागण्याचं नाही, न लागण्याचं. वाढत्या वयात हा गोळा इतक्या अचूक जागी थांबतो कसा?

१९७७ साली टॉर्स्टन वीझेल आणि एलिओ राविओला या संशोधकांनी दाखवलं की माकडाच्या पिल्लाच्या पापण्या शिवून टाकल्या, तर तो डोळा प्रमाणाबाहेर लांब होतो. म्हणजे वाढीला लगाम हवा असेल तर डोळ्याला नीट दिसायला हवं. पुढे कोंबडीच्या पिल्लांना इवलेसे चष्मे लावले गेले. उणे भिंग लावलं की प्रतिमा पडद्याच्या मागे सरकते, आणि पडदा तिला गाठायला मागे जातो, डोळा लांबतो. अधिक भिंग लावलं की उलट. वाढ मंदावते, आणि पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर जाड होऊन पडद्याला चक्क पुढे ढकलतो. हे सगळं काही दिवसांत.

ही माहिती मेंदूकडून येत असेल असं कुणालाही वाटेल. म्हणून पिल्लांची दृष्टीची नस कापून पाहिली. तरीही डोळा असाच वागला! जॉश वॉलमन आणि सहकाऱ्यांनी डोळ्याचा अर्धाच भाग धूसर केला, तर तेवढाच अर्धा भाग मागे फुगला. हिशेब पडद्यातच होतो, तोही विभागवार. तिथून निरोप रंगद्रव्याच्या थरात, मग रक्तवाहिन्यांच्या थरात आणि शेवटी बाहेरच्या पांढऱ्या कवचाला जातो. ते कवच आपली वीण सैल करतं आणि ताणलं जातं. आता अंधूक ते अंधूक. प्रतिमा पुढे पडली की मागे, हे पडदा ओळखतो कसं? त्यातला एक धागा रंगांचा आहे. डोळ्याच्या भिंगातून निळा प्रकाश तांबड्यापेक्षा अलीकडे एकवटतो. त्यामुळे कडांवर कोणता रंग जास्त पसरलाय, यावरून दिशा कळू शकते. (इथे कुणाचा हात सुटला असेल तर पुढच्या परिच्छेदात भेटू.)

लगामाचं दुसरं टोक प्रकाशाच्या हातात आहे. प्रखर उजेडात पडद्यातल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात, आणि डोपामिन वाढीला आवर घालतं. कोंबडीच्या पिल्लांना १५,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेडात ठेवलं तर डोळे धूसर करूनही उणे नंबर कमी वाढतो. डोपामिनचं काम रोखणारं औषध दिलं की हा फायदा जातो.

लक्स म्हणजे किती, हे कळावं म्हणून मी फोनमधल्या उजेड मोजायच्या ॲपने फेरफटका मारला. फोनची मापं ढोबळ असतात, पण फरकही ढोबळच निघाला. त्या मुलीचं अभ्यासाचं टेबल, ट्यूबलाइट चालू: १८०. गॅलरीचं दार: १,४००. खाली पार्किंगपलीकडे जांभळाच्या सावलीत: ९,०००. उघड्यावर आकडे भराभर चढत गेले. आपल्याला खोली ‘छान उजेडाची’ वाटते, कारण डोळा हा फरक बेमालूम सांभाळून घेतो.

माणसांतही हेच दिसतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चिनी वंशाच्या ६-७ वर्षांच्या मुलांची तुलना होती. सिंगापूरमध्ये २९ टक्क्यांना उणे नंबर, सिडनीत जेमतेम ३ टक्क्यांना. सिडनीतली मुलं पुस्तकं कमी नव्हे, जास्त वाचत होती. पण आठवड्याला पावणेचौदा तास बाहेर असत. सिंगापूरची तीन तास. मग चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास वाढवून पाहिला. तीन वर्षांत नव्याने नंबर लागलेली मुलं ३० टक्के, एरवीच्या शाळांत सुमारे ४०.

म्हणजे त्या व्हिडिओतलं एकच वाक्य कामाचं होतं, गवताचं. तेही अनवाणी पायांमुळे नव्हे आणि चाळिशीतल्या काकांसाठी नव्हे. लहान मुलांना रोज दोनेक तास दिवसाउजेडी बाहेर सोडा, नंबर लागायच्या आधीपासून. टोपी घालून चालेल, सावलीत चालेल, सूर्याकडे मात्र बघू नये. लागलेला नंबर याने जात नाही, आणि त्या नंबराची वाढ रोखायला याचा उपयोग कमीच. तिथे डॉक्टरांकडे खास भिंगं आणि अगदी सौम्य ॲट्रोपिनचे थेंब आहेत. ‘मुद्दाम कमी नंबरचा चष्मा द्या’ हा सल्लाही चाचण्यांत टिकलेला नाही. निळ्या प्रकाशापासून वाचवणाऱ्या काचांचे जादा पैसे वाचवा. बाळाच्या डोळ्यात काजळ घालू नका, त्यात शिसं सापडलेलं आहे.

आजींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, चार ते सहा तिचा क्लास असतो, आणि खाली ‘खेळण्यास मनाई’चा बोर्ड आहे. बोर्ड मीही पाहिलाय. जांभळाच्याच खोडाला ठोकलाय. मुलगी मात्र माझा फोन घेऊन उजेड मोजत सुटली. तासाभराने घामाघूम परत आली: पलंगाखाली ०, गच्चीवर ७२,०००.