बफरच्या सूत्रात सॉल्ट वर कसं गेलं?

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात आयनिक इक्विलिब्रियाचा धडा सुरू झाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, सॉल्ट वर लिहाचं का अॅसिड?" बफर म्हणजे थोडं आम्ल किंवा अल्कली पडली तरी आपली आम्लता फारशी बदलू न देणारं द्रावण. त्याचा पीएच काढायचं सूत्र पोरं घोकतात, पेपरात अपूर्णांक उलटा पडतो आणि हातचे मार्क जातात. मला यात पोरांचा दोष कमी दिसतो. हे सूत्र एका माणसानं एका बैठकीत लिहिलेलं नाही. ते दोन देशांत, आठ वर्षांच्या अंतरानं तयार झालं आणि त्या आठ वर्षांतच अपूर्णांक खरोखर उलटा झाला. ही हकिकत वर्गात सांगितली की गोंधळ बराच कमी होतो, म्हणून ती इथं लिहितो.

सुरुवात रक्तापासून आहे. शरीरात दिवसरात्र आम्ल तयार होत असतं, तरी रक्त आम्लधर्मी का होत नाही, या प्रश्नामागे हार्वर्डचा लॉरेन्स हेंडरसन लागला होता. आम्लं पाण्यात आयनांमध्ये फुटतात, हे अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं 1884 मध्ये मांडलं होतं. ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञानं ते गणितात बसवलं होतं. त्या पायावर हेंडरसननं 1908 साली दाखवलं की रक्तात कार्बोनिक अॅसिड आणि बायकार्बोनेट ही जोडी पहाऱ्यावर असते. आम्ल आलं तर बायकार्बोनेट ते अडवतं, अल्कली आली तर कार्बोनिक अॅसिड. त्याचं समीकरण असं:

हायड्रोजन आयनांची संहती = के × (अॅसिड ÷ सॉल्ट)

इथं संहती म्हणजे द्रावणातलं प्रमाण, के हा त्या अॅसिडचा ठरलेला स्थिरांक, आणि रक्तात सॉल्ट म्हणजे बायकार्बोनेट. यात लॉग नाही. अॅसिड वर आहे, आणि ते वरच शोभतं, कारण अॅसिड वाढलं की हायड्रोजन आयन वाढणार. सातवीच्या पोरालाही हे पटेल. हायड्रोजन आयनांची संहती 'के'च्या जवळपास असते तेव्हा जोडीची ताकद सर्वांत जास्त असते, हेही हेंडरसनच्या ध्यानात आलं होतं. आज आपण बफर पीकेएच्या, म्हणजे 'के'च्या ऋण लॉगच्या, एक खाली ते एक वर एवढ्याच पट्ट्यात वापरा म्हणतो, त्याचं मूळ हेच.

दुसरा धागा कोपनहेगनचा. कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्यानं 1875 मध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली होती. तिथं सोरेन सोरेनसेन एन्झाइमांवर काम करत होता. एन्झाइमचं काम हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून, आणि ते आकडे म्हणजे दशांश चिन्हापुढे शून्यांची रांग. 1909 मध्ये त्यानं त्या संहतीचा ऋण लॉग घेऊन पीएच ही मोजपट्टी आणली. माती परीक्षणाच्या अहवालात आपले शेतकरी ज्याला सामू म्हणून वाचतात, तो हाच. बफर हा शब्दही त्याच काळातला. 1900 साली फर्नबाख आणि ह्यूबर यांनी माल्टमधल्या फॉस्फेटांच्या आम्लता टिकवून धरण्याच्या गुणाला फ्रेंचमध्ये 'ताँपाँ' म्हटलं होतं. सोरेनसेननं जर्मनमध्ये 'पुफर' केलं, इंग्रजीत ते बफर झालं. जुन्या रेल्वेडब्यांच्या टोकाला धक्का झेलणारे लोखंडी दट्टे असायचे, त्यांचंही नाव बफरच.

हे दोन धागे 1916 मध्ये एकत्र बांधले कार्ल हासेलबाल्ख या डॅनिश शास्त्रज्ञानं. त्यालाही रक्ताचंच गणित करायचं होतं, पण पीएचच्या भाषेत. त्यानं हेंडरसनच्या समीकरणाचा दोन्ही बाजूंनी ऋण लॉग घेतला. लॉगच्या आधी उणे चिन्ह आलं. ते घालवायचं तर अपूर्णांक उलटावा लागतो. उलटवला, आणि सॉल्ट वर गेलं:

पीएच = पीकेए + लॉग (सॉल्ट ÷ अॅसिड)

एक उदाहरण दोन्ही रीतींनी करून बघा. अॅसेटिक अॅसिड 0.1 मोलर, सोडियम अॅसिटेट 0.2 मोलर, के 1.8 × 10⁻⁵. हेंडरसनच्या रीतीनं अॅसिड ÷ सॉल्ट म्हणजे अर्धा, म्हणून संहती 0.9 × 10⁻⁵. तिचा ऋण लॉग 5.05. हासेलबाल्खच्या रीतीनं पीकेए 4.74 अधिक लॉग 2, म्हणजे 4.74 + 0.30, तेच 5.04 च्या घरात; शेवटच्या आकड्याचा फरक निव्वळ पूर्णांकनाचा. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल उघडावं लागतं. मी पोरांना सांगतो, आधी मनात हेंडरसनचा अपूर्णांक मांडा. सॉल्ट जास्त असेल तर पीएच पीकेएच्या वर गेलाच पाहिजे. खाली आला तर अपूर्णांक उलटा पडला, पुन्हा करा.

या अपूर्णांकानं जीव वाचवलेले आहेत. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. रोग्यांच्या रक्तात एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बहुतांश बायकार्बोनेटच, फार वाढलेलं दिसे, म्हणून डॉक्टर रक्त अल्कधर्मी झालंय असं समजत. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं उलट सांगितलं: श्वास अपुरा पडल्यानं कार्बन डायऑक्साइड साठतोय, रक्त आम्लधर्मी होतंय. अपूर्णांकातला वरचा आकडा, बायकार्बोनेट, वाढलेला सगळ्यांना दिसत होता; खालचा, कार्बन डायऑक्साइडचा, त्याहून जास्त वाढला होता. पीएच मोजल्यावर त्याचंच खरं निघालं. मग गळ्याला छेद देऊन नळी बसवली आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हातानं पिशवी दाबत रोग्यांना श्वास दिला. निरोगी रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं गुणोत्तर 20 ला 1 असतं. लॉग 20 म्हणजे 1.3, पीकेए 6.1, बेरीज 7.4.

मोजायचं यंत्र मात्र संत्र्या-लिंबांच्या कृपेनं आलं, आणि संत्र्यांच्या वरूड-मोर्शीच्या इतक्या जवळ राहून हे न सांगणं मला जमणार नाही. 1934 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या संघटनेत काम करणाऱ्या एका जुन्या वर्गमित्राला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. त्याच्यासाठी अर्नोल्ड बेकमननं काचेच्या इलेक्ट्रोडला व्हॅक्यूम ट्यूब जोडून पीएच मीटर बनवला.

आमच्याकडे तसाच एक मीटर आहे. 4.0, 7.0 आणि 9.2 च्या बफर गोळ्या शंभर-शंभर मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून तो आधी लावून घेतो. मग पोरांनी घरून आणलेलं विहिरीचं पाणी. आमचा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. एका बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटर, दुसऱ्यात हे पाणी, दोन्हींत मिथिल ऑरेंज, म्हणजे आम्लात लाल आणि एरवी पिवळा दिसणारा दर्शक. ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक अॅसिडचे एक-दोन थेंब पडले की डिस्टिल्ड वॉटर लाल होतं. विहिरीचं पाणी पिवळंच राहतं, कारण त्यातलं बायकार्बोनेट आम्ल अडवतं. थेंब पडत राहतात, मीटरचा आकडा रेंगाळत खाली येतो. रक्तात 6.1 असलेला पीकेए साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला 6.35 असतो. पाणी फार ढवळलं नाही तर अर्धं बायकार्बोनेट संपून त्याचं कार्बोनिक अॅसिड होतं तेव्हा आकडा त्याच्या आसपास दिसतो. तिथं ब्युरेटची तोटी बंद करून मी विचारतो, आता वर किती आणि खाली किती?

मीटरकडे बघत मागच्या बाकावरून उत्तर येतं, "दोन्ही सारखंच हाये, सर. लॉग एकचा शून्य."