कॅमेरा कशाला बांधलाय? मशीन सिम्युलेशनमधल्या दृश्यांची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करणाऱ्या शॉपमध्ये आता व्हीएमसीइतकाच (उभ्या स्पिंडलचं मशीनिंग सेंटर) संगणकही कामाचा झालाय. कॅम सॉफ्टवेअरमध्ये मशीनचा प्रोग्राम तयार होतो आणि जॉब, म्हणजे कापायचा भाग, टेबलावर चढवण्याआधी टूल फिरवणारा स्पिंडल, टेबल, जॉब धरणारं फिक्स्चर आणि क्लॅम्प, टूल धरणारा होल्डर असं आख्खं मशीन पडद्यावर चालवून बघतात. होल्डर क्लॅम्पला घासणार असेल तर ते पडद्यावर फुकटात कळतं. मशीनवर कळलं तर टूल जातं, होल्डर जातो, कधी स्पिंडलच्या बेअरिंगवरही येतं. मात्र ते दिसायला नेमक्या बाजूने बघावं लागतं, म्हणजे पडद्यावरच्या दृश्याचा काल्पनिक कॅमेरा तिथे न्यावा लागतो, आणि गोची तिथेच होते. माउसचं मधलं बटण एका सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल फिरवतं, दुसऱ्यात सरकवतं. चाक पुढे ढकललं की एकात जवळ जातं, दुसऱ्यात लांब. ‘टॉप’ दाबावं तर जॉब भलत्याच बाजूने समोर येतो. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीची सवय तशीच ठेवून वर आपली भर घातली, त्यातून हे सगळं साचत गेलं.

सर्वांत खालचा थर कागदाचा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये गास्पार माँज यांनी एकमेकांना काटकोनात असलेल्या प्रतलांवर वस्तूची दृश्यं पाडायची भूमिती बसवली. तटबंदीच्या आखणीसाठी जन्मलेली ही पद्धत बरीच वर्षं लष्करी गुपित होती. १७९५ मध्ये ती पॅरिसमध्ये उघडपणे शिकवली गेली. पुढे १८२२ साली केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी आयसोमेट्रिक दृश्याची मांडणी केली. व्याख्यानात दाखवायची यंत्रं ते सुटे भाग जोडून उभी करत, आणि ती जोडणी मदतनिसांना समजावी म्हणून तिन्ही अक्ष १२० अंशांवर, एकाच मापात दाखवणारं चित्र त्यांना हवं होतं. आजच्या पडद्यावरची फ्रंट, टॉप, राइट आणि आयसो ही बटणं म्हणजे माँज आणि फॅरिश यांचाच वारसा.

बेळगावच्या कारखानदारीचं मूळही रेखाटनाच्या फळ्यापासून फार लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाटन शिकवत. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्ये कारखाना आजच्या किर्लोस्करवाडीला हलवला. ड्रॉइंग वाचणं इथे आजही पहिलं शिक्षण आहे. आपल्याकडे पहिल्या कोनातलं प्रक्षेपण शिकवतात, म्हणजे डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढतात. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग मात्र तिसऱ्या कोनात येतं, त्यात ते डावीकडेच असतं. कोन कोणता ते सांगणारं कोपऱ्यातलं छाटलेल्या शंकूचं चिन्ह न बघता मॉडेल केलं की भोक आरशातल्यासारखं उलट्या बाजूला जातं. अशी चूक सिम्युलेशन पकडत नाही. त्याच्या लेखी टूल कुठेच आदळलेलं नसतं.

संगणकावरचं त्रिमितीय दृश्य १९६३ सालचं. एमआयटीत इव्हान सदरलँड यांचा स्केचपॅड सपाट रेखाटनापुरता होता. तिथेच टिमथी जॉन्सन यांनी स्केचपॅड-३ मध्ये पडदा चार भागांत वाटला: वरून, समोरून, बाजूने आणि चौथ्या चौकटीत यथादर्शन, म्हणजे पर्स्पेक्टिव्ह. चार खिडक्यांची ही मांडणी आजही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर मिळते. त्याच सुमारास लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी फिरवणं, सरकवणं आणि यथादर्शन हे तिन्ही ४×४ च्या एकाच मॅट्रिक्समध्ये बसवून दाखवलं. आजचं ग्राफिक्स कार्डही हेच गणित करतं.

मशीनचा प्रवास समांतर चालला होता. संख्यात्मक नियंत्रणाचं, म्हणजे आकड्यांच्या आज्ञांवर चालणारं, मिलिंग मशीन एमआयटीने १९५२ मध्ये दाखवलं, एपीटी ही प्रोग्रामिंगची भाषा १९५९ मध्ये पुढे आली. पण पुढची कित्येक वर्षं प्रोग्रामची भोकं पाडलेली टेप बरोबर आहे की नाही हे बघायचा मार्ग एकच होता: टूल हवेत चालवा, किंवा मेण, लाकूड, फोम असलं काहीतरी कापून बघा. ड्राय रन ही सवय तेव्हाची आणि ती अजून सुटलेली नाही. सुटूही नये.

ऐंशीच्या दशकातल्या महागड्या वर्कस्टेशनवर आठ गोल खुंट्यांची पेटी असे. तीन खुंट्या फिरवायला, तीन सरकवायला, उरलेल्या झूम आणि छेदासाठी, अशी वाटणी नेहमीची. प्रत्येक हालचालीला वेगळी खुंटी असल्यामुळे गोंधळ कमी व्हायचा. माउस आला आणि अडचण झाली. हात दोनच दिशांना सरकतो, वस्तू तीन अक्षांभोवती फिरते. १९८८ मध्ये मायकेल चेन, जॉय माउंटफर्ड आणि ॲबिगेल सेलन यांनी पडद्यावर एक काल्पनिक गोल धरून तो माउसने फिरवायची युक्ती मांडली. १९९२ मध्ये केन शूमेक यांनी क्वाटर्नियनच्या, म्हणजे फिरणं चार आकड्यांत मांडणाऱ्या, गणिताने तिला आर्कबॉलचं नेटकं रूप दिलं. दुसरी पद्धत टर्नटेबलची: आडवं ओढलं की उभ्या अक्षाभोवती फिरायचं, उभं ओढलं की वर-खाली कलायचं. मशीनसाठी टर्नटेबलच बरी. आर्कबॉलमध्ये चार वेळा ओढलं की व्हीएमसी तिरपं होऊन बसतं आणि वर कुठे, खाली कुठे हेच कळेनासं होतं. टर्नटेबलचं दुखणं एकच. कॅमेरा अगदी डोक्यावर नेला की आडवं ओढल्यावर दृश्य जागच्या जागी गरगरतं. पाच-दहा अंश कलतं ठेवायचं, काम भागतं.

मधल्या बटणाचा घोळ १९९६ नंतरचा. मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसने चाक सर्वदूर नेलं, आणि तेच चाक दाबल्यावर मधलं बटणही झालं. तोवर प्रत्येक सॉफ्टवेअरच्या सवयी ठरून गेल्या होत्या. सॉलिडवर्क्समध्ये मधलं बटण दाबून ओढलं की मॉडेल फिरतं, कंट्रोलसह सरकतं, शिफ्टसह झूम होतं. ऑटोकॅडमध्ये तेच बटण सरकवतं, फिरवायला शिफ्ट लागतं. फ्यूजनमध्ये मुळातली सेटिंग ऑटोकॅडच्याच वळणाची. ब्लेंडरमध्ये मधलं बटण फिरवतं, पण सरकवायला शिफ्ट. चाकाची दिशाही जुळत नाही. पुढे ढकललं की ऑटोकॅड जवळ नेतं, सॉलिडवर्क्स मुळातल्या सेटिंगमध्ये लांब नेतं. फ्रीकॅडने यावर सरळ तोडगा काढला: नेव्हिगेशनच्या अनेक शैली दिल्या आणि निवड वापरणाऱ्यावर सोडली. शॉपमध्ये डिझाइन एका सॉफ्टवेअरमध्ये आणि कॅम दुसऱ्यात असेल तर पहिल्याच दिवशी दोन्हींची सेटिंग एकसारखी करून टाकावी. दोन पाळ्यांमध्ये दोन शैली ठेवण्याइतका वेळखाऊ उद्योग दुसरा नाही.

खुंट्यांची पेटी पुढे दुसऱ्या रूपात परतली. जर्मन अंतराळ संस्थेत रोबो हाताने चालवण्यासाठी केलेल्या सहा दिशांच्या सेन्सरमधून १९९० च्या दशकात स्पेसमाउस, म्हणजे ढकलता, ओढता आणि पिळता येणारी एकच खुंटी, निघाली. डाव्या हाताने दृश्य, उजव्या हाताने निवड, अशी विभागणी ज्याच्या अंगवळणी पडते तो पुन्हा साध्या माउसवर जात नाही. २००८ मध्ये ऑटोडेस्कने कोपऱ्यातला घन आणला. त्याची बाजू, कड किंवा कोपरा दाबला की कॅमेरा तिथे जातो, म्हणजे एकूण २६ ठरलेल्या दिशा.

आता नेहमी फसणाऱ्या जागा.

पहिली जागा फिरण्याच्या केंद्राची. मशीनचं मॉडेल तीन-चार मीटरचं, जॉब तळहाताएवढा. केंद्र मशीनच्या मध्यावर असेल तर जॉबवर झूम करून जरा फिरवलं की जॉब पडद्याबाहेर फेकला जातो. आधी जॉबवरचा बिंदू फिरण्याचं केंद्र म्हणून निवडायचा, मग फिरवायचं. ‘फिट’ दाबल्यावर सगळं मुंगीएवढं दिसत असेल तर दृश्यात कुठेतरी लांब एखादा भटका बिंदू किंवा रेघ पडलेली असते. फक्त फिक्स्चरच राक्षसी किंवा इवलंसं दिसत असेल तर त्याची एसटीएल फाइल (त्रिमितीय आकाराची फाइल) इंचांची की मिलिमीटरची ते बघावं. तिथे २५.४ पटींचा फरक पडतो.

दुसरी जागा यथादर्शनाची. पर्स्पेक्टिव्ह बघायला छान, पण फट जोखायला घातक. कॅमेरा क्लॅम्पपासून ८०० मिलिमीटरवर आहे आणि ६३ मिलिमीटर व्यासाचा होल्डर क्लॅम्पच्या ४० मिलिमीटर मागे आहे, असं धरा. तो ८०० भागिले ८४० या प्रमाणात लहान दिसतो, म्हणजे क्लॅम्पच्या मापाने जेमतेम ६० मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर जास्त जागा आहे असा भास होतो आणि तीच जागा प्रत्यक्षात नसते. फट बघायची तर समांतर प्रक्षेपण लावायचं आणि एकमेकांना काटकोनातल्या दोन दिशांनी बघायचं.

तिसरी जागा खोलीच्या मापनाची. मागचं काय आणि पुढचं काय हे ठरवण्यासाठी ग्राफिक्स कार्ड प्रत्येक ठिपक्याची खोली साठवतं, साधारणपणे २४ बिटमध्ये. यथादर्शनात ही अचूकता सगळीकडे सारखी नसते, ती कॅमेऱ्यालगतच्या कापणाऱ्या प्रतलावर अवलंबून असते; त्याच्या अलीकडचं काहीच दाखवलं जात नाही. ते प्रतल १ मिलिमीटरवर असेल तर ३ मीटर लांबच्या दोन पृष्ठभागांत अर्ध्या मिलिमीटरच्या आतला फरक कार्डाला कळत नाही, आणि कापलेल्या पृष्ठभागावर पट्टे लुकलुकतात. गाऊज, म्हणजे टूलने खोल कापल्याची खूण, राहिला की काय असं वाटतं, पण तो नुसता चित्राचा दोष. प्रतल १० मिलिमीटरवर नेलं की हाच फरक ०.०५ मिलिमीटरवर येतो. उलट ते फार पुढे नेलं तर जवळ जाताना मशीनचं दार कापल्यासारखं अर्धं गायब होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न म्हणजे कॅमेरा कशाला बांधलाय. प्रोग्रामिंगचा संकेत आयएसओ ८४१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा: जॉब स्थिर, टूल हलतं असं धरायचं. पण नेहमीच्या व्हीएमसीच्या दारात उभा असलेला ऑपरेटर टेबल हलताना बघतो, आणि टूल अधिक एक्सकडे जायचं असेल तर टेबल डावीकडे सरकतं. म्हणून सिम्युलेशनमध्ये दोन दृश्यं असतात, एक मशीनच्या पायाला बांधलेलं, एक जॉबला बांधलेलं. कट तपासायचा तर जॉबचं दृश्य, कारण त्यात जॉब हलत नाही. टूल चेंजरचा हात, पत्र्याचं आवरण, प्रवासाची टोकं बघायची तर मशीनचं दृश्य.

एचएमसीवर, म्हणजे आडव्या स्पिंडलच्या मशीनिंग सेंटरवर, हा फरक चांगलाच अंगावर येतो. टूम्बस्टोनवर, म्हणजे जॉब बांधायच्या उभ्या खांबावर, व्हॉल्व्ह बॉडी लावली आहे आणि प्रोग्राम बी ० वरून बी ९० वर जातो, म्हणजे उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरतो. मशीनच्या दृश्यात पॅलेट फिरतं. जॉबच्या दृश्यात अख्खं मशीन जॉबभोवती प्रदक्षिणा घालतं आणि आवरणाचा पत्रा मध्ये येऊन बसतो. त्यामुळे आवरणं आधीच लपवून ठेवावीत. लपवल्याने त्यांची टक्कर तपासणी बंद होत नाही ना, हे सेटिंगमध्ये एकदा बघून घ्यावं. झेड नेहमी मुख्य स्पिंडलला समांतर, हाही त्याच आयएसओचा नियम. एचएमसीत स्पिंडल आडवा, म्हणून झेड आडवा आणि वाय उभा. ‘टॉप’ म्हणजे झेडच्या दिशेने बघणं, असं धरणारं सॉफ्टवेअर तिथे वरून न दाखवता स्पिंडलच्या बाजूने दाखवतं. लेथलाही हेच. सॉलिडवर्क्सच्या मुळातल्या मांडणीत उभा अक्ष वाय असतो, त्यामुळे तिथून आलेला पार्ट व्हीएमसीच्या टेबलावर आडवा पडलेला दिसतो. पार्ट फिरवून घ्यायचा, कॅमेरा नव्हे. कॅमेरा फिरवून तो उभा दिसला तरी प्रोग्रामचे अक्ष चुकलेलेच राहतात.

बी अक्ष फिरताना कोपरा मोकळा जातो का हे वायच्या दिशेने, वरून आणि समांतर प्रक्षेपणात बघावं. मध्यावर बसवलेल्या ३०० मिलिमीटर चौकोनी जॉबचा कोपरा केंद्रापासून २१२ मिलिमीटरवर फिरतो. टूलचं टोक केंद्रापासून २०० मिलिमीटरवर मागे घेऊन थांबवलं तर ठोकर ठरलेली.

टक्कर शोधणारं गणित कॅमेऱ्यावर अवलंबून नसतं, ते मागे चालूच असतं. पण मॉडेलमध्ये जे नाही ते त्याला दिसत नाही, आणि फाउंड्रीच्या गावात मॉडेलमध्ये नसलेलं बरंच काही असतं: ओतकामातला रायझर तोडल्यावर उरलेला खुंट, साच्याच्या जोडरेषेवर (पार्टिंग लाइन) बाहेर आलेला पातळ धातू, म्हणजे फ्लॅश, नटाच्या वर तीस मिलिमीटर डोकावणारा स्टड. म्हणून शॉपमध्ये तीन दृश्यं सेव्ह करून ठेवतात: दाराकडून, वरून आणि स्पिंडलकडून. त्यांना आकड्यांची नावं दिली की मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या दोन्ही शिफ्टना फोनवर ‘दोन नंबर लाव’ एवढं पुरतं. मग पहिला जॉब टेबलावर बांधला की त्याच तीन बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून पडद्याशेजारी धरायचे आणि स्टड मोजायचे. पडद्यावर जो नाही तो मॉडेलमध्ये घालायचा, त्याचं नेमकं मॉडेल हाताशी नसेल तर तेवढ्याच उंचीचा साधा दंडगोल टाकला तरी चालतो, आणि सिम्युलेशन पुन्हा चालवायचं.