शिकवलेला कामगार सोडूनच जातो का?

"कामगाराला जास्त शिकवू नका, शिकला की नागपूर-पुण्याला जातो." विदर्भातल्या जिनिंगवाल्यांत, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखानदारांत, हे वर्षानुवर्षे सांगितलं जातं. भीती रास्त आहे. ऐन हंगामात फिटर गेला की जिन, म्हणजे सरकी काढणारं यंत्र, बंद पडते. पण माणसं सोडतात ती बहुधा थकलेल्या मजुरीमुळे, अपमानामुळे, हंगामानंतर काम नसल्यामुळे. जिनमधल्या रोलर-सुरीची जुळणी बिघडली की सरकी फुटते, रुईचा भाव पडतो. हे ज्याला कळतं आणि ज्याचं म्हणणं मालक ऐकतो, त्याला रुईची बांधलेली गाठ आपली वाटते. नुसतं प्रशिक्षण मात्र पुरत नाही, पगारही वाढायला हवा.

हजेरीपट काढा. शिकवलेल्यांपैकी किती गेले, न शिकवलेल्यांपैकी किती, ते शेकड्यात मांडा. नुसती संख्या फसवते. मग गेलेल्यांना फोन करून कारण विचारा.